भिंत आणि हल: बॅरोट्रॉमात छोटी सब बांधणाऱ्यांसाठी

बॅरोट्रॉमा या पाणबुडीच्या गेममध्ये दोन-तीन जणांपुरती छोटी पाणबुडी, म्हणजे सब, बांधायची, मित्रांना घेऊन गुरूच्या युरोपा या चंद्रावरच्या बर्फाखाली शिरायचं आणि पहिल्याच मिनिटाला बघायचं, तर कंट्रोल रूममध्ये उभा असलेला कॅप्टन चक्क पोहतोय. भिंती शाबूत, दारं बंद, कुठे भोक नाही. मग ठरलेला प्रश्न येतो: "गेममध्ये बग आहे का?" बग नाही. भिंती आखल्या आणि हल आखायचा राहिला, किंवा आखला तो भलतीकडे. बॅरोट्रॉमा २०१९ पासून लोकांच्या हातात आहे, २०२३ च्या मार्चमध्ये त्याची पूर्ण आवृत्तीही आली, तरी हा घोळ काही संपत नाही.

भिंतींवर वेळ घालवत नाही. गेममधला सब बांधायचा एडिटर उघडलेल्या कुणालाही त्या कळतात. ग्रिडवर ओढायच्या, सरळ-तिरपे तुकडे जोडायचे, बाहेरचे प्राणी त्या फोडतात आणि आपण वेल्डिंग करून बुजवतो. अंगावर येणारी प्रत्येक गोष्ट भिंत अडवते, आणि तिचं काम तिथेच संपतं.

हल म्हणजे एडिटरमध्ये आखलेला एक आयत. खेळताना तो दिसत नाही, त्याला धडकता येत नाही, कुणी त्याला चावू शकत नाही. पण पाणी किती साठलंय, प्राणवायू किती उरलाय, आग कुठे लागलीय, दाब जीवघेणा झालाय का, हा सगळा हिशेब गेम या आयतांच्या नावावर ठेवतो. भिंतींना यातलं काहीच माहीत नसतं. शेताचं कुंपण आणि सातबारा यांच्यात जे नातं असतं, तेच इथे भिंत आणि हल यांच्यात. कुंपण तुम्ही कुठेही घाला, जमीन उताऱ्यावर ज्याच्या नावावर असेल त्याचीच. कॅप्टन पोहतोय, कारण तो उभा आहे ती जागा कुठल्याच हलाच्या नावावर नाही. गेमच्या लेखी तो भर समुद्रात आहे, आणि खोल पाण्यात डायव्हिंग सूटशिवाय माणसाचं जे व्हायचं तेच त्याचं होणार.

इथवर बहुतेकांना पटतं. "बरं, प्रत्येक खोलीत एक हल टाकतो" म्हणतात आणि निघतात. खरी ठेच पुढे लागते.

समजा, एक लांब खोली आहे, तिच्यावर एकच हल आहे, आणि नंतर तुम्हाला वाटलं की मधोमध भिंत घालून मागे इंजिन रूम वेगळी करावी. भिंत घातली, दार बसवलं, दिसायला दोन खोल्या झाल्या. पुढच्या बाजूला भोक पडलं की पाणी भिंतीच्या दोन्ही बाजूंना एकाच पातळीने चढेल. भिंत जागच्या जागी, दार बंद, तरी इंजिन भिजतंय. कारण पाणी त्या आयताचं आहे आणि आयत अजून एकच आहे. आग, प्राणवायू, सगळ्याची तीच गत.

आता उलटं करा. दोन हल शेजारी शेजारी आखा आणि मध्ये काहीही ठेवू नका, ना भिंत, ना दार. माणूस इकडून तिकडे आरामात चालत जाईल. पाणी मात्र पहिल्या आयताच्या कडेला येऊन असं थबकेल, की जणू मध्ये काच उभी आहे. एकीकडे छातीपर्यंत पाणी आणि पुढच्या पावलावर कोरडी जमीन. हे पाहून लोक भिंत शोधत बसतात. तिथे भिंत नाहीच, आणि नाही तो गॅपसुद्धा.

गॅप हा या जोडीतला तिसरा, ज्याला कुणी विचारत नाही. एका हलातलं पाणी आणि हवा दुसऱ्यात जायची तर वाट गॅपमधूनच. दार किंवा हॅच (आडवं दार) बसवली की तिचा गॅप तिच्यासोबत येतो, म्हणून नवशिक्यांना त्याची ओळखच होत नाही. दार नसलेली उघडी वाट, शिडीचं भोक, दोन हलांनी मिळून केलेली मोठी खोली, अशा ठिकाणी तो हाताने टाकावा लागतो आणि त्याने दोन्ही हलांच्या कडा झाकायला हव्यात. एकाच हलाला टेकला, तर गेम समजतो की दुसऱ्या टोकाला समुद्र आहे. मग सब पाण्यात उतरताच खोली भरायला लागते आणि बुजवायला भोक काही सापडत नाही. गॅप कुणाला जोडला गेलाय हे एडिटरमध्ये बाणांवरून दिसतं. ते बाण बघा, डोळ्यांनी अंदाज करू नका. भिंतीला पडणारं भोकसुद्धा गेमच्या दृष्टीने गॅपच असतं. भिंतीच्या दोन्ही बाजूंना हल असेल तर पाणी या खोलीतून त्या खोलीत जातं, एकाच बाजूला असेल तर समुद्र आत येतो.

तेव्हा पाणी खरोखर अडवायचं असेल तर दोन वेगळे हल आणि मध्ये भिंत किंवा दार, दोन्ही लागतं. हल एकमेकांवर चढवू नका, आणि दाराच्या चौकटीत त्यांच्यात फटही ठेवू नका. दारातच एकमेकांना टेकू द्या.

छोट्या सबला हे सगळं जास्त जाचतं, कारण तरंगणं-बुडणंही हलांवरच ठरतं. पुष्कळ जण भिंती जाड केल्या की बोट जड होईल अशा समजुतीने वजनाचा हिशेब मांडत बसतात. खऱ्या पाणबुडीत तो हिशेब बरोबर आहे. इथे गेम फक्त एवढंच बघतो: सगळ्या हलांच्या एकूण घनफळापैकी किती टक्के पाण्याने भरलंय. हा आकडा ७ टक्के असेल तर सब जागेवर स्थिर राहते. कमी असेल तर वर जाते, जास्त असेल तर खाली. घनफळ म्हणजे लांबी गुणिले उंची, कारण खेळ द्विमितीय आहे. सब वर-खाली करायला जिच्यात पाणी घेतात-सोडतात ती बॅलास्ट टाकी गेमसाठी कुठली खास वस्तू नाही. तोही एक साधा हलच, ज्याच्यात पंप बसवलाय आणि तो पंप सब चालवायच्या नेव्हिगेशन टर्मिनलला जोडलाय.

आकडे घालून बघू. एडिटरच्या मापात कंट्रोल रूम ८०० × ३२०, म्हणजे २,५६,०००. इंजिन आणि रिअॅक्टर मिळून ६४० × ३२०, म्हणजे २,०४,८००. एअरलॉक, म्हणजे समुद्रात ये-जा करायची खोली, १९२ × ३२०, म्हणजे ६१,४४०. बॅलास्टच्या दोन टाक्या प्रत्येकी ३२० × १२८, दोन्ही मिळून ८१,९२०. एकूण ६,०४,१६०. बॅलास्ट साडेतेरा टक्क्यांच्या आसपास आलं, म्हणजे टाक्या निम्म्याहून किंचित जास्त भरल्या की सब स्थिर. टर्मिनलवर न्यूट्रल बॅलास्ट लेव्हल (सब स्थिर ठेवायला टाक्या किती भराव्यात तो आकडा) मुळात ०.५, म्हणजे निम्मी, असते. ती ०.५२ केली की जमलं. ही आकडेमोड हाताने करायचीही गरज नाही. एडिटरमध्ये बॅलास्टचे हल निवडलेत की योग्य लेव्हल तिथेच लिहून येते. बॅलास्ट एकूण घनफळाच्या ७ टक्क्यांहून कमी असेल, तर टाक्या काठोकाठ भरूनही सब बुडणार नाही, हेही तिथेच कळतं.

आता याच सबमधला एअरलॉक बघा. एकूण घनफळाच्या दहा टक्क्यांहून थोडा जास्त आहे तो. डायव्हर बाहेर गेला, एअरलॉक पूर्ण भरला, आणि बॅलास्ट अगदी रिकामं केलंत तरी सब खालीच जाणार, कारण ७ टक्क्यांची मर्यादा एकट्या एअरलॉकने ओलांडलेली असते. मोठ्या सबमध्ये हे लक्षातही येत नाही. छोट्या सबमध्ये मात्र कॅप्टन ओरडत राहतो की पंप बिघडलाय. तोच एअरलॉक १२८ × १९२ केला तर चार टक्क्यांच्या थोडा वर राहतो आणि बॅलास्ट त्याला सांभाळून घेतं. म्हणून छोट्या सबला ऐसपैस एअरलॉक देणाऱ्यांशी माझं पटत नाही. सूट घालून एक माणूस उभा राहिला की पुरे. सूटचं कपाट आत, खोलीत ठेवा.

दुहेरी कवचाची हौस असेल तर बाहेरची भिंत जरूर घाला, चावे ती झेलते. पण दोन भिंतींमधल्या पोकळीत हल टाकू नका. तिथे हल असला की बाहेरची भिंत फुटताच ती पोकळी भरते आणि ते पाणी सगळ्या बोटीच्या हिशेबात येतं. हल नसेल तर ती जागा गेमसाठी समुद्रच आहे, तिच्यात पाणी "शिरण्याचा" प्रश्नच येत नाही. मोठ्या सबला थोडं जास्तीचं पाणी सोसवतं, छोटीला नाही.

नाकाडाचा प्रश्न नेहमी येतो. हल आयताकृती असतो, तिरपा करता येत नाही, आणि पुढचा भाग तर सगळ्यांना निमुळता हवा असतो. काही जण तिथे पायऱ्यांसारखे इवलेइवले हल रचतात, प्रत्येक दोघांमध्ये गॅप. मला हा प्रकार मुळीच आवडत नाही. दोन, फार तर तीन आयत पुरतात, आणि कुठली जागा कुठल्या आयताच्या नावावर आहे हे नंतर शोधायलाही सोपं जातं. फक्त आयताचा कोपरा तिरप्या भिंतीच्या बाहेर डोकावता कामा नये. डोकावला, तर बाहेरून जाणारा डायव्हर त्या कोपऱ्यात आला की अचानक "आत" समजला जातो. थोडं कमी पडलेलं चालेल. वाढलेलं चालत नाही.

ऑटोहल नावाची कन्सोल कमांड (टाइप करून द्यायची आज्ञा) आहे, ती आधीचे सगळे हल आणि गॅप पुसून नवे आखून देते. घाईत कच्चा आराखडा हवा असेल तर ठीक. छोट्या सबमध्ये मोजून आठ-दहा आयत असतात, ते हाताने आखा.

पंपांबद्दलही लोक गोंधळतात, पण तो गोंधळ वरचाच आहे. पंप ज्या हलात उभा आहे तिथलंच पाणी हलवतो. बॅलास्टच्या पंपाला टर्मिनलकडून उभ्या वेगाची तार टार्गेट लेव्हलच्या पिनला जोडायची. खोलीतलं सांडलेलं पाणी काढणाऱ्या पंपाला ती तार लावायची नाही, नाहीतर कॅप्टनने खाली जायचं म्हटलं की तुमच्या खोलीतच पाणी भरेल. यावर लांबलचक वाद घालणाऱ्यांनी आधी आपले गॅप तपासावेत.

प्राणवायूचंही एकदा बघून घ्या. प्राणवायूचा जनरेटर बसवला म्हणजे हवा आली असं होत नाही. प्रत्येक हलात व्हेंट (हवा सोडणारी जाळी) हवा, आणि एडिटरमध्ये स्पेस दाबून ते व्हेंट जनरेटरला जोडलेले हवेत. मोठ्या हलाच्या व्हेंटला वाटा मोठा मिळतो. एकाच खोलीचे दोन हल केले असतील तर तसंच स्पेस दाबून ते एकमेकांना जोडा, म्हणजे सबचा नकाशा दाखवणाऱ्या स्टेटस मॉनिटरवर एकच खोली दिसेल. हे जोडणं फक्त दाखवण्यापुरतं आहे. पाण्याला वाट द्यायला गॅप लागतोच.

मित्रांना बोलावण्याआधी एडिटरच्या टेस्ट मोडमध्ये जा, कन्सोलमध्ये वॉटर कमांड चालू करा आणि माऊसच्या डाव्या बटणाने एकेका खोलीत पाणी ओता. उजव्या बटणाने काढता येतं. सगळी दारं बंद ठेवून पाणी पलीकडे गेलं, तर तिथे हल एकच आहे. दार उघडूनही गेलं नाही, तर त्या दाराच्या दोन्ही बाजूंचे हल गॅपला पोहोचत नाहीत. मग एअरलॉक काठोकाठ भरा, बॅलास्ट रिकामं करा आणि सब वर येते का बघा.