ब्रेक तापले की ब्रेक ऑइल उकळलं? घाट उतरताना पायाला कळणारा फरक

नांदुरीपासून सप्तशृंग गडाचा घाट साधारण 10 किलोमीटरचा. सात माणसं आणि डिकीभर सामान घेऊन एर्टिगा किंवा इनोव्हा खाली येताना ब्रेक लागेनासे झाले, की आतले सगळे ओरडतात, ‘ब्रेक फेल!’ बहुतेक वेळा झालेलं असतं दोनपैकी एक: पॅड (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे चकतीला, दोन्हीकडून दाबून धरणारे तुकडे) प्रमाणाबाहेर तापलेत, नाहीतर ब्रेक ऑइल उकळलंय. यातलं काय झालंय हे पेडलच सांगतं.

पॅड तापले असतील तर पेडल नेहमीच्याच उंचीवर असतं, घट्टही असतं. फक्त कितीही दाबा, गाडी आवरत नाही. पॅडमधला माल ठरावीक तापमानापलीकडे गेला की त्याची डिस्कवरची पकड सुटते. हे अचानक होत नाही. आधीच्या वळणांवर पाय जरा जास्त दाबावा लागतो, पुढच्या चाकांकडून जळका वास येतो. एवढी सूचना मिळूनही लोक एसीचा वास समजून काच खाली करतात आणि उतरत राहतात!

ऑइल उकळलं तर पेडल मऊ पडतं आणि तळाला जातं. डिस्कची उष्णता कॅलिपरमधल्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागातल्या, ऑइलपर्यंत पोचते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात. ऑइल दाबलं जात नाही, वाफ दाबली जाते, म्हणून पायाचा जोर चाकापर्यंत पोचतच नाही. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं आणि खरा घोळ तिथेच आहे. नवं डॉट 4 (डॉट 3, डॉट 4 हे ब्रेक ऑइलचे दर्जे) निदान 230 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये असा निकष आहे, त्यात 3.7 टक्के पाणी मुरलं की तोच आकडा 155 वर येतो. डॉट 3 साठी हे आकडे 205 आणि 140. हा बिघाड कधीकधी थांबल्यानंतर उघड होतो. घाट उतरून चहाला थांबलात की चाकांना लागणारा वारा बंद होतो, डिस्कची धग कॅलिपरमध्ये उतरते, आणि निघताना पहिल्याच दाबाला पेडल खाली जातं.

पेडल मऊ असेल तर तीन-चार वेळा भराभर पंप करा, थोडा दाब परत येऊ शकतो. पॅड तापलेले असतील तर पंप करून काही मिळत नाही; पेडल जोरात दाबून धरा. दोन्हीकडे त्याच वेळी गिअर एकेक करत खाली आणा. हँडब्रेकच्या लिव्हरचं बटण दाबून धरून तो हळूहळू ओढा. केबलवर चालणाऱ्या हँडब्रेकला ऑइल लागत नाही, त्यामुळे ऑइल उकळलं तरी तो कामाला येतो.

इंजिन मात्र बंद करू नका. इंजिनच्या जोरावर पायाचा दाब वाढवणाऱ्या बूस्टरची मदत एक-दोन दाबांत संपते, पेडल दगड होतं, स्टिअरिंगही जड होतं. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून, न्यूट्रल मारून उतरणाऱ्यांना जे ‘ब्रेक जाम’ वाटतं, ते हेच.

थांबल्यावर डिस्कवर पाणी ओतू नका, वाकते किंवा तडकते. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि निदान अर्धा तास थांबा. निवल्यावर पॅडची पकड बहुधा परत येते. तरी गॅरेजमध्ये पॅड काढून पाहावेत. पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झाला असेल तर बदलायचे. ऑइलचं प्रकरण जास्त फसवं. निवल्यावर वाफेचं पुन्हा पाणी होतं, पेडल अगदी ठणठणीत लागतं, आणि माणूस समजतो की झालं ठीक. पाणी आतच असतं. पुढच्या घाटात, कसाऱ्याला म्हणा, तेच होणार.

वरून थोडं ऑइल टाकल्याने ते पाणी निघत नाही. चारही चाकांच्या ब्लीडरमधून (ऑइल बाहेर काढायच्या स्क्रूमधून) जुनं काढून नवं भरावं लागतं. त्याला साधारण लिटरभर ऑइल लागतं आणि दर दोन वर्षांनी ते बदललेलं बरं. अर्धी उरलेली जुनी बाटली वापरू देऊ नका, तीही पाणी शोषत बसलेली असते.

उतरताना गिअर मात्र दोन्हींसाठी एकच: ज्या गिअरमध्ये तो चढ चढलात, त्यातच उतरा. गडावर तो बहुधा दुसरा. ऑटोमॅटिकला एल (लो) किंवा मॅन्युअल मोड. ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की ठाम दाबा, कमी झाला की पूर्ण सोडा.