नाव स्पॅनिश, डुक्कर बेटांचं: सेबूच्या लेचोनची पार्श्वभूमी

१५२१ सालचा गुड फ्रायडे. आजच्या फिलिपिन्समधल्या लिमासावा बेटावर अंतोनियो पिगाफेत्ता नावाचा इटालियन माणूस तिथल्या राजाच्या पंगतीला बसला होता. तो मॅगेलनच्या जहाजांवरून आला होता आणि प्रवासाची टिपणं ठेवत होता. माणूस धर्माने कॅथलिक, म्हणजे त्या दिवशी मांस वर्ज्य. पुढ्यात आलं ते डुकराचं मांस आणि मद्याने भरलेला मोठा रांजण. दर घासाला एक प्याला, असा तिथला रिवाज. आपण त्या पवित्र शुक्रवारी मांस खाल्लं, दुसरा इलाजच नव्हता, असं त्याने पुढे सरळ लिहून ठेवलं.

लेचोनची गोष्ट मला इथूनच सांगावीशी वाटते. लेचोन म्हणजे बांबूवर चढवून निखाऱ्यावर फिरवत भाजलेलं अख्खं डुक्कर. लग्न, बारसं, गावच्या संताचा सण, नाताळची रात्र, परदेशातून घरी आलेला मुलगा, यातलं काहीही असलं तरी फिलिपिनो घराच्या अंगणात ते असतं. हा पदार्थ स्पॅनिशांनी दिला असं सर्रास सांगितलं जातं आणि ते मला पटत नाही. स्पॅनिशांनी दिलं ते नाव. पाहुण्यापुढे डुक्कर ठेवण्याची रीत त्यांच्या स्वागतालाच हजर होती.

डुक्कर त्या बेटांवर फार जुनं आहे. फिलिपिन्समधल्या लुझोन बेटाच्या उत्तरेला कागायान नदीच्या खोऱ्यात नागसाबारान इथल्या उत्खननात पाळीव डुकरांची सुमारे ४,००० वर्षांपूर्वीची हाडं मिळाली. तैवानकडून होड्यांनी दक्षिणेला सरकत गेलेल्या ऑस्ट्रोनेशियन लोकांबरोबर हे जनावर आलं, असं मानलं जातं. त्याच लोकांच्या वंशजांनी डुक्कर, कुत्रा आणि कोंबडी होडीत घालून पुढे पॅसिफिकमध्ये पार हवाईपर्यंत नेली. तिथे अख्खं डुक्कर जमिनीतल्या खड्ड्यात, तापलेल्या दगडांवर शिजवतात. टागालोगमध्ये डुकराला ‘बाबोय’ म्हणतात, मलायमध्ये ‘बाबी’. शब्द एकाच मुळाचे.

लिमासावाहून पुढे सेबू बेटाला पोचल्यावर पिगाफेत्ताने आणखी एक गोष्ट पाहिली आणि ती बारकाईने टिपली. डुकराचा बळी द्यायचा अधिकार फक्त म्हाताऱ्या बायकांना होता. विसाया, म्हणजे फिलिपिन्सच्या मधल्या बेटांच्या भागात अशा पुजारणींना ‘बाबायलान’ म्हणतात. दोघी जणी वेळूचे कर्णे फुंकत, सूर्याला नमन करत, बांधलेल्या डुकराभोवती नाचायच्या. मग त्यातली एक भाल्याने डुकराच्या काळजाचा वेध घ्यायची आणि जमलेल्यांच्या कपाळावर त्याचं रक्त लावायची. अंगावरचे केस जाळून काढायचे. या विधीविना मारलेलं डुक्कर कोणी खात नसे. म्हणजे अख्ख्या डुकराभोवती गाव जमणं हा तिथे मुळात देवकार्याचा भाग होता. १५६५ मध्ये स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी सेबूला उतरला आणि स्पॅनिश सत्ता खऱ्या अर्थाने रुजू लागली. पुढे मिशनऱ्यांनी बाबायलानांना सैतानाच्या दासी ठरवून हटवलं. गावोगावी एकेक संत आला, संताचा दिवस आला. डुक्कर मात्र राहिलं. विधीतून निघून सणाच्या जेवणात गेलं.

आता नावाकडे वळू. स्पॅनिशमध्ये ‘लेचे’ म्हणजे दूध आणि ‘लेचोन’ म्हणजे आईच्या दुधावरचं पिल्लू. फिलिपिन्समध्ये या शब्दातलं दूध आटून गेलं. तिथे मोठं डुक्कर भाजलं तरी लेचोनच. कोंबडी भाजली की ‘लेचोन मानोक’, अख्खा बैल भाजला की ‘लेचोन बाका’. पिल्लाचं नाव भाजण्याच्या पद्धतीला चिकटलं.

पोर्तुगीजमध्ये दुधासाठी ‘लेइते’ आणि दूधपित्या पिल्लासाठी ‘लेइतांव’ असे शब्द आहेत. मध्य पोर्तुगालमधला बाइराडा प्रदेश, विशेषतः मेआल्यादा हे गाव, याच पदार्थासाठी ओळखलं जातं. पिल्लाच्या पोटात लसूण, मिरी, मीठ आणि चरबीचं वाटण भरतात, ते लांब सळईवर ओवून लाकडाच्या भट्टीत भाजतात आणि संत्र्याच्या चकत्यांबरोबर वाढतात. हाच शब्द गोव्यात आला. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत लग्नाला किंवा नाताळला भरलेलं भाजकं पिल्लू केलं जातं, ते याच नावाने.

सेबू आणि गोवा, दोन्हीकडे इबेरियाचेच (स्पेन-पोर्तुगालचे) राज्यकर्ते आणि दोन्हीकडे दुधावरूनच पडलेलं नाव. तरी दोन इतिहास एका मापाने मोजता येत नाहीत, आणि मराठी वाचकाने हा फरक नीट पाहावा असं मला वाटतं. स्पेनने १४९२ मध्ये ज्यूंना हद्दपार केलं, पोर्तुगालने १४९७ मध्ये त्यांना सक्तीने बाटवलं. तेव्हापासून तिकडे डुक्कर न खाणारा बाटगा संशयित ठरू लागला. ताटावरून धर्म ओळखायची ही सवय घेऊनच पोर्तुगीज गोव्यात आले. १५६० मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडता ते १८१२ पर्यंत चाललं. १७३६ च्या त्याच्या फर्मानात ख्रिस्ती झालेल्यांनी हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये असंसुद्धा कलम होतं. भाताच्या मिठावर जिथे पहारा होता, तिथे डुकराचं मांस ही नुसती आवडनिवड उरणं शक्यच नव्हतं. सेबूच्या माणसाला जुन्या देवाचं डुक्कर नव्या संताच्या दिवशी खाता आलं. गोव्यातल्या बाटलेल्या घराला ते आधी खाऊन दाखवावं लागलं. ते प्रेमाने खाणं पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आलं. आजच्या गोंयकार घरातलं त्या पदार्थाचं कौतुक अगदी खरं आहे, पण त्याच्या मागे हेही आहे.

दख्खनला डुक्कर पोर्तुगीजांनी दाखवलं, असं मात्र कोणी समजू नये. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा बाराव्या शतकातला ‘मानसोल्लास’ आपल्याला ठाऊक असतो तो कांडताना ओव्या म्हणणाऱ्या महाराष्ट्रातल्या बायकांच्या उल्लेखामुळे. त्याच ग्रंथाच्या अन्नभोगात डुकराचे केस कसे काढायचे तेही सांगितलं आहे: पांढऱ्या कापडाने झाकून वरून कढत पाणी ओतावं, किंवा अंगाला माती लिंपून गवताच्या जाळाने केस जाळावेत. सेबूच्या म्हाताऱ्या बायकांचा जाळ आठवतो तो इथे.

सेबूची आजची पद्धत हाताच्या अंतरावरून पाहण्यासारखी आहे. साफ केलेल्या डुकराच्या पोटात मीठ, लसूण, पातीचा कांदा आणि ‘तांगलाद’च्या जुड्या ठासून भरतात. तांगलाद म्हणजे आपला गवती चहा, पण इथे मूठभर पाती नव्हे, बुडख्यासकट भारेच्या भारे. मग पोट जाड दोऱ्याने शिवून टाकतात आणि तोंडापासून शेपटीपर्यंत बांबू घालतात. निखारे डुकराच्या बरोबर खाली ठेवत नाहीत, दोन्ही कडांना ओढून ठेवतात. नाहीतर गळणारी चरबी पेटून कातडी काळी पडते. खांदे आणि मांड्या जाड, पोट पातळ, म्हणून टोकांना निखारा जास्त आणि मधे कमी. मध्यम आकाराच्या डुकराला काही तास लागतात आणि तेवढा वेळ कोणीतरी शेजारी बसून बांबू फिरवतच राहतो. फिरवणं थांबलं की चरबी एका बाजूला उतरते आणि कातडीला फोड येतात. कातडीतलं पाणी सावकाश निघून जायला हवं आणि खालची चरबी वितळून तिला आतून तळायला हवी. घाई केली तर ती चामड्यासारखी राहते. नीट जमलेली कातडी लालसर, काचेसारखी असते आणि बोटाने दाबली की कडकन मोडते. पाहुण्यांचे हात पहिल्यांदा तिच्याकडेच जातात.

चवीवरून बेटाबेटांत वाद आहेत. मनिलाकडे लेचोनबरोबर काळीज, व्हिनेगर आणि साखरेचं दाट ‘सार्सा’ लागतं. सेबूचा माणूस म्हणतो, पोटातच चव भरलेली असताना वरून रस्सा कशाला? फार तर मीठ-मिरची घातलेलं व्हिनेगर. मी या वादात सेबूच्या बाजूचा आहे. बातांगास प्रांतातल्या बालायान गावात २४ जूनला, सेंट जॉनच्या दिवशी, भाजलेल्या डुकरांना कपडे घालून त्यांची मिरवणूक काढतात आणि बघे एकमेकांवर पाणी उडवतात.

२०१९ मध्ये आफ्रिकन स्वाइन फीवरने या साऱ्याला मोठा धक्का दिला. हा रोग माणसाला होत नाही, पण डुकरांचे कळपच्या कळप संपवतो. रोग आढळलेल्या भागांत हजारो डुकरं मारावी लागली, जनावरं आणि मांस एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेण्यावर बंधनं आली, मांस महागलं. परसात दोन-चार डुकरं पाळून एक सणासाठी राखून ठेवणाऱ्या कुटुंबांचं कंबरडं मोडलं. डुक्कर परवडत नाही तिथे आता पोटाचा तेवढाच पट्टा गवती चहा घालून गुंडाळतात, सुतळीने बांधतात आणि भाजतात. पाच-सात जणांना तो पुरतो.

अख्खं असलं की मात्र उरतंच. उरलेलं मांस दुसऱ्या दिवशी व्हिनेगर, मिरी, तमालपत्र आणि लसूण घालून पुन्हा शिजवतात. त्याला ‘पाकसिव’ म्हणतात. आदल्या दिवशी बांबूपाशी बसलेल्यांना घासभर मांसही धड मिळालेलं नसतं. सावकाश बसून जेवायला त्यांना सापडतं ते हे पाकसिव, गरम भातावर.