शाईचा थेंब, चांदीचे कण आणि वाळण्याचे गणित

सोलापुरात फ्लेक्स छापणाऱ्यांना ‘हेड चोक झालं’, म्हणजे शाई सोडणारी बारीक छिद्रे (नोझल) वाळलेल्या शाईने बुजली, ही तक्रार नवी नाही. तशाच इंकजेट यंत्रातून रंगाऐवजी चांदीचे नॅनोकण मिसळलेली शाई सोडून प्लास्टिकवर विद्युतमंडळे छापायची, तर थेंब कसा वागेल याचे गणित आधी मांडावे लागते; आणि या गणिताची सुरुवात इंकजेटच्याही बरीच आधी झाली आहे.

द्रवाच्या धारेची लांबी तिच्या परिघापेक्षा वाढली की धार अस्थिर होते, हे प्लातो यांनी 1873 च्या ग्रंथात मांडले. 1878 मध्ये लॉर्ड रॅले यांनी अशा धारेवर उठणाऱ्या लहरींपैकी कोणती सर्वांत वेगाने वाढते, हे काढले. पुढे 1936 मध्ये ओनेसोर्गे यांनी चिकटपणा, घनता, पृष्ठताण आणि नोझलचा व्यास यांना एकाच अंकात बांधले. 1972 मध्ये झोल्टन यांना पिझो स्फटिकाच्या (विजेने आकार बदलणाऱ्या स्फटिकाच्या) दाबाने हवा तेव्हाच थेंब सोडणाऱ्या रचनेचे पेटंट मिळाले, तेव्हा थेंब सुटण्याचे शास्त्र बऱ्यापैकी हाताशी होते. ओनेसोर्गे अंकाचा व्यस्त साधारण 1 ते 10 मध्ये असावा, हा नियम आजही शाई बनवताना पहिल्यांदा तपासला जातो.

खरी अडचण थेंब पडल्यानंतरची होती आणि तिच्याकडे लक्ष फार उशिरा गेले. अक्षरे छापताना डागाची कड थोडी गडद झाली तरी चालते, वीज वाहणाऱ्या छापील तारेचे तसे नाही. 1997 मध्ये शिकागोच्या डीगन आणि सहकाऱ्यांनी कॉफीचा डाग वाळल्यावर त्याच्या कडेलाच गडद वलय का उमटते, हे कोडे उलगडले. थेंबाची कड पृष्ठभागाला चिकटून राहते आणि तिथून बाष्पीभवन सर्वाधिक वेगाने होते; ती झीज भरून काढायला द्रव मधून कडेकडे वाहतो आणि कणही सोबत नेतो. छापलेल्या रेषेत याचा परिणाम म्हणजे दोन्ही कडांना चांदीचे बांध आणि मधे विरळ थर. पृष्ठताणातील फरकाने उलटा प्रवाह निर्माण करून हे टाळता येते, हे 2006 मध्ये हू आणि लार्सन यांनी दाखवले. 2011 मध्ये तर गोल कणांऐवजी लांबट कण वापरले की वलय उमटत नाही, असे आढळले; मला या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत सुंदर प्रयोग वाटतो.

वाळण्याची ही गणिती प्रतिमाने (मॉडेल्स) वापरताना हवेचे आकडे मात्र स्थानिकच घ्यावे लागतात. पाण्याचा संपृक्त बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याच्या जोराचे माप, 20 अंश सेल्सिअसच्या तुलनेत 40 अंशांना तिपटीहून अधिक असतो. त्यामुळे पाण्यावर आधारित शाई सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात, वातानुकूलन नसलेल्या खोलीत, नोझलच्या तोंडाशीच वाळू लागते.

चादर-टॉवेलच्या या शहरात सुती कापडावर वाहक रेषा छापायची झाली, तर आणखी एक पायरी वाढते. डीगन यांचे प्रतिमान द्रव न शोषणाऱ्या पृष्ठभागाचे आहे. सूत थेंब आत ओढून घेते. तिथे वॉशबर्न यांचे 1921 चे, शोषणाची खोली वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते असे सांगणारे समीकरण बाष्पीभवनाच्या गणिताला जोडावे लागते.