अहिरावण-महिरावण आख्यान

अहिरावण-महिरावण आख्यान : रामायणातील युद्धप्रसंगाला जोडलेले, परंतु वाल्मीकिरामायणात नसलेले एक उपाख्यान. लंकेच्या वेढ्यात रावणाच्या पक्षाच्या पाताळवासी राक्षसांनी झोपलेल्या राम-लक्ष्मणांना पळवून नेले आणि वज्रदेही मारुतीने पाताळात उतरून, त्या राक्षसांशी झुंज घेऊन, दोघांना देवीपुढे बळी जाण्याआधी सोडवून आणले, हा या कथेचा गाभा आहे. मराठीत ते ‘अहि-मही’ या आटोपशीर नावानेही ओळखले जाते. सोलापूर परिसराशी त्याचा संबंध दोन अंगांनी येतो. त्याचे मराठी रूप घरोघर पोचविणारा कवी श्रीधर हा आजच्या सोलापूर जिल्ह्यातील नाझरे (ता. सांगोला) या गावचा आणि ग्रंथरचना त्याने पंढरपुरात केली, शिवाय मराठी, कन्नड आणि तेलुगू या तिन्ही भाषा रोजच्या वापरात असलेल्या या भागात कथेची उत्तरेकडची व दक्षिणेकडची अशी दोन्ही रूपे परिचित असण्याला अनुकूल भूमी आहे.

कथानक थोडक्यात असे : इंद्रजित पडल्यावर रावण पाताळातील अहि-महींचे साहाय्य मागतो. बिभीषण सावध करतो आणि मारुती आपल्या शेपटीचा कोट करून पहाऱ्यास बसतो, तरीही राक्षस राम-लक्ष्मणांना उचलून नेतात. शोधार्थ निघालेल्या मारुतीला पाताळाच्या वेशीवर मकरध्वज अडवितो. लंकादहनानंतर समुद्रात पडलेला मारुतीचा घाम मगरीने गिळला व त्यातून जन्मलेला हा त्याचाच मुलगा, ही ओळख झुंजीनंतर पटते. पुढे मारुती देवीच्या मंदिरात शिरून स्वतःच देवीच्या जागी उभा राहतो व बळीची वेळ येताच प्रकट होतो. मात्र राक्षस मारले तरी मरत नाहीत, कारण भुंगे अमृत आणून त्यांना पुन्हा उठवितात. हे मर्म अहिरावणाच्या घरातील चंद्रसेना ही नागकन्या सांगते आणि त्या बदल्यात रामाने आपल्याला वरावे, असे वचन मागते. भुंग्याने पोखरलेला पलंग राम बसताच मोडतो, त्यामुळे वचन त्या अवतारी निभत नाही व पुढच्या अवतारात ती सत्यभामा होते, असा शेवट जोडलेला आहे. राज्य मकरध्वजाकडे जाते. रावणाने कोंडलेल्या देवांची बंद सोडविणारा राम येथे स्वतः बंदीत आहे आणि सोडविणारा त्याचा सेवक आहे, ही उलटापालट कथेच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण मानावी लागते.

आख्यानाचा उगम वादग्रस्त आहे. वाल्मीकीत ते नाही, एवढ्याबाबतच अभ्यासकांचे पूर्ण एकमत आहे. संस्कृतात ते आनंदरामायणाच्या सारकांडात आणि जैमिनीच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या मैरावणचरितात येते. आनंदरामायण सामान्यतः पंधराव्या शतकाच्या आसपासचे मानले जाते, तथापि ते त्याहून उत्तरकालीन असावे, असेही मत आहे. बंगालीतील कृत्तिवासाच्या रामायणात ही कथा आढळते, पण नातीगोती निराळी आहेत : तेथे महिरावण हा रावणाचा पुत्र असून अहिरावण हा महिरावणाचा, बापाच्या वधानंतर लगेच जन्मून लढणारा मुलगा आहे. हिंदी पट्ट्यात बहुधा एकटा अहिरावण असतो, तर कन्नड, तेलुगू व तमिळ कथनांत एकटा मैरावण (तमिळ उच्चार मयिलरावणन्). दोघे भाऊ ही रचना मराठीची व आनंदरामायणाची समान आहे, यावरून मराठी कवींनी आनंदरामायण किंवा त्याच्या जवळचा एखादा पाठ समोर ठेवला असावा, हे अनुमान सयुक्तिक वाटते.

नावांचा प्रश्नही याच अंगाने पाहिला पाहिजे. ‘अहि’ म्हणजे सर्प व ‘मही’ म्हणजे पृथ्वी, म्हणून पाताळातील सर्पकुळाशी आणि भूमीखालील जगाशी संबंधित असे दोन राक्षस, ही व्युत्पत्ती मराठी वाचकाला सहज पटते. एका मतानुसार ‘महिरावण’ हेच मूळ रूप असून दक्षिणी उच्चारात ‘ह’ लोपून ‘मैरावण’ झाले. दुसऱ्या मतानुसार ‘मैरावण’ हे देशी रूप आधीचे असून त्याचे संस्कृतीकरण ‘महिरावण’ असे झाले. पहिल्या मताच्या बाजूने उच्चारसुलभता आहे. परंतु आनंदरामायणातच ‘ऐरावण-मैरावण’ अशी जोडी आलेली आहे आणि या जोडीत ‘अहि-मही’सारखा नितळ अर्थ नाही. दुर्बोध नावाला लोक मागाहून अर्थपूर्ण वळण देतात, उलट क्वचितच घडते, हे लक्षात घेता दुसरे मत अधिक ग्राह्य ठरते. अर्थात उपलब्ध पोथ्यांतील लेखनभेद पाहता हा निष्कर्ष अंतिम समजू नये.

मराठीतील पूर्वपरंपरेबाबत एक पुरावा इतका रोजचा आहे की तो सहसा पुरावा म्हणून मोजला जात नाही. रामदासांच्या (१६०८–८१) ‘भीमरूपी महारुद्रा’ या स्तोत्रात मारुतीला ‘पाताळदेवताहंता’ असे विशेषण आहे. पाताळातील देवतेचा निःपात हा मारुतीचा पराक्रम या आख्यानाखेरीज अन्यत्र प्रसिद्ध नाही, त्यामुळे सतराव्या शतकात मराठी श्रोत्यांना ही कथा एका शब्दात आठवण्याइतकी ठाऊक होती, असे म्हणता येते. श्रीधराचा रामविजय पंढरपुरात शके १६२५ मध्ये (इ. स. १७०३) पुरा झाला. म्हणजे रामदासांच्या निधनानंतरही सुमारे दोन दशकांनी. म्हणून श्रीधराने कथा मराठीत आणली, हे विधान टिकत नाही. त्याने ती घराघरांत नेली, एवढेच खरे. एकनाथांच्या भावार्थरामायणाच्या आधारे कथेचा काळ मागे नेताना मात्र जपावे लागते. त्या ग्रंथाचे युद्धकांड ४४ व्या अध्यायापर्यंत नाथांचे व पुढचा भाग त्यांचा शिष्य गावबा याने पूर्ण केला, अशी परंपरा आहे, त्यामुळे युद्धकांडाच्या उत्तर भागातील कोणतेही आख्यान थेट नाथांच्या नावावर घालणे योग्य नव्हे.

श्रीधराचा जन्म बहुतेक अभ्यासक १६५८ च्या सुमारास धरतात, काही तो १६७८ पर्यंत पुढे नेतात. निधन १७२९ च्या सुमाराचे. हरिविजय, पांडवप्रताप व शिवलीलामृत हे त्याचे अन्य ग्रंथ. रामविजयाचे अध्याय ४०. ओवी सोपी, दृष्टांत शेतीतले व घरातले, यमक ठसठशीत. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही ऐकताना अर्थ लागतो. चातुर्मासात पोथी लागते तेव्हा तांबड्या कापडाचे बासन सोडून, सुटी लांबट पाने एकेक करून उलटी पालथी ठेवीत वाचक पुढे सरकतो आणि अहि-महींच्या प्रसंगाला आवाज चढवितो. ही वाचनरीत सोलापूर जिल्ह्यातील मराठी घरांना नव्याने सांगण्याची गरज नाही.

मारुतीच्या ‘चिलखता’चा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे, कारण या वीराच्या अंगावर लोखंडी कड्यांचे चिलखत नाही आणि तरीही परंपरा त्याला कवचधारी मानते. ‘बजरंग’ हे नाव ‘वज्रांग’ यापासून आलेले. देहच वज्राचा, हा त्याचा अर्थ. मराठी रामकथेत मारुती वज्रकछोटा (वज्राचा कासोटा, म्हणजे लंगोट) घालूनच जन्मतो आणि तो ज्याला दिसेल तोच तुझा स्वामी, असे अंजनी त्याला सांगते. रामाला तो दिसतो व ओळख पटते. रामदासांच्या स्तोत्रातील ‘सुवर्णकटिकासोटी’ हा उल्लेख याच कासोट्याचा असावा. याशिवाय शब्दांचे कवच आहे. पंचमुखी हनुमत्कवच या पाठात पूर्वेस वानर, दक्षिणेस नरसिंह, पश्चिमेस गरुड, उत्तरेस वराह व ऊर्ध्वेस हयग्रीव अशी पाच मुखे सांगितली आहेत. राक्षसाचा प्राण पाच दिव्यांत होता व ते एकाच वेळी विझविण्यासाठी मारुतीने पाच मुखे धारण केली, ही आज सर्वत्र सांगितली जाणारी कथा या उपासनेचे स्पष्टीकरण म्हणून येते. मात्र भुंगे व अमृत हा मराठी पोथीचा धागा वेगळा असून दोन्ही एकत्र करून सांगणे अलीकडचे दिसते.

मूर्तिशास्त्रातील एक तपशील येथे नोंदविला पाहिजे. महाराष्ट्रातील अनेक वीर मारुतींचा उजवा हात चापट मारण्यासाठी उगारलेला (चपेटदान मुद्रा) व पायाखाली एक स्त्रीमूर्ती दडपलेली असते. ही स्त्री कोण, यावर एकवाक्यता नाही. लोक तिला पनवती म्हणतात व शनीच्या पीडेशी जोडतात, काही अभ्यासक तिला लंकिनी (लंकेच्या वेशीवरील रक्षक राक्षसी) मानतात, तर काही पाताळातील देवी. ‘पाताळदेवताहंता’ हे विशेषण जमेस धरले तर तिसरे मत दुर्लक्षिण्याजोगे नाही. पण शनिवारची तेल-रुईची उपासना पाहता पनवती हा अर्थ भाविकांच्या मनात अधिक खोल रुजलेला आहे, हेही मान्य केले पाहिजे. पडताळणीतील खरी अडचण शेंदराची आहे. तेलात कालवलेल्या शेंदराचे पिढ्यान्‌पिढ्या चढलेले लेप काही बोटे जाड होतात. त्यांखाली नाक, बोटे, कासोट्याची गाठ, पायाखालची आकृती असे सारे बुजून फक्त दोन डोळे उरतात. हे कवच कधी भेगाळून आपोआप गळते, तेव्हा आतला रेखीव दगड व त्याच्या पायाखालची स्त्री प्रथमच दिसते. अशा वेळी नवा लेप चढण्यापूर्वी मूर्तीचे छायाचित्र व मापे घेऊन ठेवली, तर वरील वादाचा निर्णय करण्यास मोठी मदत होईल. तसे फार थोड्या ठिकाणी होते, ही खेदाची गोष्ट आहे.

प्रयोगकलांमध्ये हे आख्यान दक्षिणेत अधिक जोमाने टिकले. कर्नाटकातील तोगलु गोंबेयाटा व आंध्र-तेलंगणातील तोलु बोम्मलाटा या चामड्याच्या बाहुल्यांच्या खेळांत मैरावणाचा प्रसंग आवडीने होतो. पातळ कमावलेल्या कातड्यावर दागिन्यांच्या जागी छिद्रे पाडलेली असतात. मागून दिवा लावला की पडद्यावर मारुतीचा मुकुट व कंठा ठिपक्या-ठिपक्यांनी उजळतो. हे खेळ करणारे कर्नाटकातील किळ्ळेक्यात कलावंत प्रेक्षकांसाठी कन्नड बोलत असले, तरी घरात मराठीची एक बोली बोलतात, ही गोष्ट कथेच्या प्रवासाच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाची आहे. आख्यान दक्षिणेकडून मराठीत आले की मराठीभाषक कलावंतांनी ते दक्षिणेत फिरविले, याचा निवाडा केवळ लिखित पोथ्यांवरून होणार नाही. या कुटुंबांची तोंडी संहिता त्यासाठी तपासावी लागेल. तूर्त एवढे निश्चित की पोथीत जेथे दोन भाऊ आहेत, तेथे या पडद्यावर एकच मैरावण असतो. सोलापूरच्या एकाच पेठेत मराठी शेजारी ‘अहि-मही’ म्हणतो आणि तेलुगू वा कन्नड शेजारी ‘मैरावण’, तेव्हा दोघेही त्याच पाताळाविषयी बोलत असतात.