वेग जास्त झाला म्हणून अडलेले खेळ

शाळेच्या संगणक कक्षात 'डेंजरस डेव्ह' किंवा 'प्रिन्स ऑफ पर्शिया' खेळलेल्या पिढीतल्या अनेकांना तो खेळ कधी ना कधी पुन्हा खेळावासा वाटतो. शोधाशोध केली की फाइल मिळते, आकाराने अगदी चिमुकली. डबल क्लिक केलं की विंडोज मात्र सरळ नकार देतं. सिनेमाचं संपादन करू शकणाऱ्या लॅपटॉपला एवढासा खेळ का चालवता येऊ नये?

एक कारण प्रोसेसरच्या रचनेत आहे. हे खेळ डॉसवरचे, म्हणजे विंडोजच्या आधी पीसी चालवणाऱ्या प्रणालीवरचे. डॉसच्या काळातले बहुतेक खेळ 16-बिटी, म्हणजे एका वेळी 16 बिटांची माहिती हाताळणाऱ्या, प्रोसेसरच्या भाषेत लिहिलेले होते. 1985 मध्ये आलेल्या इंटेल 80386 मध्ये जुने प्रोग्रॅम चालवण्यासाठी खास सोय ठेवलेली होती आणि 32-बिटी विंडोज तिच्या आधारे डॉसचे खेळ चालवत असे. प्रोसेसर 64-बिटी पद्धतीने काम करू लागला की ती सोय वापरता येत नाही. त्यामुळे 64-बिटी विंडोजमधून डॉस चालवणारा भागच गेला. विंडोज 11 तर फक्त 64-बिटीच आहे.

दुसरं कारण मला जास्त विलक्षण वाटतं. 1981 च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर 4.77 मेगाहर्ट्झ वेगाने चालायचा. सगळ्यांकडे तेच यंत्र आहे असं गृहीत धरून काही प्रोग्रॅमर क्षणभर थांबण्यासाठी रिकामी फेरी लिहीत: अमुक हजार वेळा काहीच करू नकोस, मग पुढचं चित्र दाखव. प्रोसेसर वेगवान झाले तशा या फेऱ्या झटक्यात संपू लागल्या आणि हातपाय हलवायच्या आत खेळ संपू लागला. त्या काळच्या अनेक पीसींच्या डब्यावर टर्बो नावाचं बटण असायचं. ते बंद केलं की यंत्र मुद्दाम हळू व्हायचं, ते याचसाठी.

काही प्रोग्रॅम तर सुरूच होईनात. टर्बो पास्कल या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनात तयार केलेल्या प्रोग्रॅमचं उदाहरण पाहा. त्यातली एक सुविधा सुरुवातीलाच यंत्राचा वेग मोजत असे. घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे 55 मिलिसेकंदांत, किती फेऱ्या होतात ते मोजायचं आणि त्याला 55 ने भागायचं. उत्तर ठेवायला जागा 16 बिटांची, म्हणजे जास्तीत जास्त 65,535. ठोक्याला साधारण 36 लाखांच्या वर फेऱ्या झाल्या की उत्तर त्या जागेत मावेना. भागाकार फसला की प्रोसेसर शून्याने भागल्यावर देतो तीच चूक दाखवायचा आणि पडद्यावर 'रनटाइम एरर 200' येऊन प्रोग्रॅम बंद. प्रोग्रॅमच्या मूळ कामात काहीच बिघडलेलं नसायचं, यंत्र अपेक्षेपेक्षा वेगवान आहे एवढाच त्याचा दोष.

म्हणून डॉसबॉक्ससारखे इम्युलेटर खेळाला हात न लावता त्याच्या भोवती जुनं यंत्रच सॉफ्टवेअरमध्ये उभं करतात. प्रोसेसर, घड्याळ, आवाजासाठीचं साउंड ब्लास्टर कार्ड, सगळं. खेळाने दिलेली सूचना इम्युलेटर वाचतो आणि तिचं काम आजच्या प्रोसेसरकडून करून घेतो. वेग मोजायला 'सायकल्स' हे माप आहे: मिलिसेकंदाला किती सूचना पार पाडायच्या. 3000 वर ठेवलं तर सेकंदाला 30 लाख सूचना होतात. खेळ धावायला लागला तर कंट्रोल आणि एफ11 दाबून हळू करा, रेंगाळला तर कंट्रोल आणि एफ12. प्रत्येक खेळाचा योग्य आकडा असा चाचपडतच सापडतो, आणि त्याचा कंटाळा करू नका.

चित्राकडेही लक्ष द्या. तेव्हाचे कितीतरी खेळ 320 गुणिले 200 ठिपक्यांचे होते, पण पडदा 4:3 प्रमाणाचा. म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीपेक्षा 1.2 पट उंच दिसायचा आणि चित्रकार ते धरूनच रेखाटत. आजच्या चौरस ठिपक्यांवर तेच चित्र टाकलं की गोल चेंडू चपटा होतो, माणसं बुटकी दिसतात. डॉसबॉक्सच्या सेटिंगमध्ये 'आस्पेक्ट' चालू केलं की आकृती पुन्हा प्रमाणात येतात. पुष्कळजण हे करत नाहीत आणि चपटा खेळ हाच मूळ खेळ समजतात, याची मला खरंच हळहळ वाटते.

एवढी खटपट नको असेल तर इंटरनेट आर्काइव्हवर डॉसचे हजारो खेळ ब्राउझरमध्येच चालतात. मात्र जुना झाला म्हणून खेळावरचा कॉपीराइट संपत नाही. जीओजीसारख्या दुकानातून विकत घेतलेल्या डॉसच्या खेळांबरोबर बहुतेक वेळा डॉसबॉक्स त्या खेळापुरता जुळवून दिलेला असतो.