हिमालयीन हिमनद्यांचा वाद

‘हिमालयातील हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता फार मोठी आहे’ या विधानावरून २००९-१० मध्ये पेटलेला वैज्ञानिक व राजकीय वाद. हे विधान आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक मंडळाच्या २००७ च्या चौथ्या अहवालात, परिणामांची चर्चा करणाऱ्या दुसऱ्या खंडातील आशियावरील प्रकरणात होते. ते चुकीचे होते, आणि मंडळाने २० जानेवारी २०१० रोजी जाहीर निवेदनात त्याबद्दल खेद व्यक्त केला. मात्र वर्ष चुकले म्हणून बर्फ वितळणेच खोटे, असा अर्थ अनेकांनी काढला; त्याला मोजमापांचा आधार नव्हता.

चूक कशी झाली

चुकीच्या खुणा त्या मजकुरातच होत्या. हिमालयातील हिमनद्यांनी सुमारे ३० लाख हेक्टर, म्हणजे ३०,००० चौ. किमी क्षेत्र व्यापले आहे, असे प्रकरणात लिहिले होते. पुढे मात्र त्यांचे क्षेत्र ५,००,००० वरून १,००,००० चौ. किमीपर्यंत घटेल असे म्हटले होते. मुळात ३०,००० चौ. किमी असलेले क्षेत्र ५ लाखांवरून घटणार कसे? शिवाय जे ‘नाहीसे’ व्हायचे, त्यातले १ लाख चौ. किमी उरतेही कसे? त्याच विभागातील तक्त्यात पिंडारी हिमनदी १८४५ ते १९६६ या काळात २,८४० मीटर मागे हटल्याची नोंद असून वार्षिक वेग १३५.२ मीटर दिला होता. हा काळ १२१ वर्षांचा. भागाकार केल्यास वेग सुमारे २३.५ मीटर येतो. तक्त्यातला आकडा २१ ने भागल्यावर मिळतो. शतक गाळले गेले होते.

विधानाला आधार म्हणून डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेचा २००५ चा अहवाल दिला होता. त्या अहवालाचा आधार होता १९९९ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ या विज्ञान साप्ताहिकात आलेले वृत्त, आणि त्या वृत्ताचा आधार हिमनदीतज्ज्ञ सय्यद हसनैन यांची मुलाखत. तज्ज्ञांनी तपासलेला शोधनिबंध या साखळीत कुठेच नव्हता. ५ लाखांवरून १ लाखाचा आकडा रशियन हिमनदीतज्ज्ञ व्लादिमीर कोत्ल्याकोव यांच्या १९९६ च्या युनेस्को अहवालात आढळतो. पण तिथे तो ध्रुवीय प्रदेशांबाहेरील जगभरच्या हिमाच्छादनाविषयी आहे आणि वर्ष आहे २३५०. कॅनडातील ट्रेंट विद्यापीठाचे ग्रॅहम कोग्ली यांनी ही साखळी उलगडून दाखवली.

आयपीसीसीच्या त्याच २००७ च्या अहवालाच्या पहिल्या, भौतिक विज्ञानाच्या खंडात हिमनद्यांवर हिमनदीतज्ज्ञांनीच लिहिले होते आणि तिथे २०३५ चा उल्लेख नाही. दोन खंडांचे लेखक एकमेकांचा मजकूर बारकाईने तपासत नव्हते. परीक्षकांनी दुसऱ्या खंडाच्या मसुद्यावर शंका नोंदवल्या होत्या, त्यांचाही पाठपुरावा झाला नाही. हॅरोल्ड शपिरो यांच्या अध्यक्षतेखालील, विविध देशांच्या विज्ञान अकादमींच्या वतीने नेमलेल्या आंतरअकादमी समितीने ऑगस्ट २०१० मध्ये नेमके यावरच बोट ठेवले. त्यानंतर मंडळाने चुका दुरुस्त करण्याची रीतसर पद्धत स्वीकारली.

भारतातील प्रतिवाद

नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे माजी उपमहासंचालक व्ही. के. रैना यांचा चर्चा-निबंध प्रसिद्ध केला. हिमनद्या असामान्य वेगाने हटत असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा रोख होता. तत्कालीन मंत्री जयराम रमेश यांनी त्याला पाठबळ दिले, तर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी यांनी त्याची ‘वूडू सायन्स’ (जादूटोण्याच्या तोडीचे विज्ञान) म्हणून संभावना केली. दोनच महिन्यांनी मंडळालाच माघार घ्यावी लागल्याने ही टीका पचौरींवर उलटली.

२०३५ चे भाकीत फेटाळण्यात रैना बरोबर होते. त्यांच्या निष्कर्षाचा भर मात्र प्रामुख्याने हिमनद्यांच्या मुखांच्या, म्हणजे खालच्या टोकांच्या, नोंदींवर होता, आणि खरी अडचण तिथे आहे. गंगोत्री हिमनदीचे मुख सप्टेंबर २००७ ते जून २००९ दरम्यान जवळजवळ स्थिर राहिल्याचे निबंधात नमूद आहे. या अवधीत हिवाळे दोन येतात, पण वितळण्याचा पूर्ण हंगाम फक्त २००८ चा. एवढ्यावरून हिमनदीची प्रकृती ठरत नाही.

मुख आणि ताळेबंद

मुख मोजणे सोपे असते. समोरच्या पक्क्या खडकावर खूण करायची, तिथून बर्फाच्या कडेपर्यंतचे अंतर दरवर्षी मोजायचे. आता हे काम जीपीएसने होते. पण गोमुखासारख्या ठिकाणी बर्फाच्या गुहेचे छत कोसळले की मुख एका झटक्यात कित्येक मीटर मागे जाते, आणि नंतर बराच काळ हलत नाही. हिमनदी जितकी लांब, तितका तिचा प्रतिसाद मंद. सुमारे ३० किमी लांबीच्या गंगोत्रीचे मुख आजच्या नव्हे, तर मागच्या कित्येक दशकांच्या हवामानाला प्रतिसाद देत असते. खालचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला असेल, तर मुख जागेवरच राहते आणि बर्फ वरून पातळ होत जातो. अशी हिमनदी नकाशावर ‘स्थिर’ दिसते.

म्हणून वस्तुमानाचा ताळेबंद, म्हणजे वर्षभरात साचलेले हिम आणि वितळून गेलेला बर्फ यांचा हिशेब, मांडावा लागतो. वितळणाऱ्या खालच्या भागात वाफेच्या ड्रिलने कित्येक मीटर खोल छिद्रे पाडून बांबू रोवतात. सप्टेंबरअखेर बांबूचा किती भाग उघडा पडला ते मोजतात. २ मीटर बर्फ गेला, तर बर्फाची घनता घनमीटरला सुमारे ९०० किलो धरून ती घट १.८ मीटर पाण्याइतकी होते. वरच्या भागात खड्डा खणून वर्षभरात साचलेल्या हिमाची जाडी आणि घनता मोजतात. दोन्हींचे क्षेत्रानुसार गणित केले की जमा-खर्च कळतो. बांबू पूर्ण उघडा पडून आडवा झाला, तर त्या जागेची नोंद वाया जाते. हिमकडे कोसळत असलेल्या उंच भागात कोणी पोचू शकत नाही, तिथे अंदाजच करावा लागतो. दगडगोट्यांचा थर एक-दोन सेंटीमीटरचा असेल तर तो उष्णता शोषून वितळणे वाढवतो. जाड असेल तर बर्फाला झाकून वाचवतो. त्यामुळे एका बांबूवरून शेजारच्या उतारावर काय घडले ते सांगता येत नाही.

हिमाचल प्रदेशाच्या लाहौल-स्पितीतील छोटा शिग्री हिमनदीवर २००२ पासून असा ताळेबंद मांडला जातो आणि तो एकंदर तुटीचा आहे. भारतीय हिमालयात इतक्या सलग नोंदी असलेल्या हिमनद्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. हिमनद्यांवर एवढी मोठी भांडणे होतात आणि बांबू रोवायला मात्र मोजकीच पथके जातात, ही परिस्थिती बदलायला हवी.

उरलेले चित्र उपग्रहांनी भरून काढले. दोन काळांतील पृष्ठभागाच्या उंचीचे नकाशे एकमेकांतून वजा करून बर्फाची घट काढतात. यातही सापळा आहे: फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून (शटल) झालेल्या उंची-मापन मोहिमेच्या रडार लहरी कोरड्या हिमात काही मीटर शिरतात, त्यामुळे तेव्हाची उंची प्रत्यक्षाहून कमी दिसते, दुरुस्ती न केल्यास नंतरची घट कमी भरते. अमेरिकेच्या हेरगिरी उपग्रहांची जुनी, गोपनीयतेतून मुक्त झालेली छायाचित्रे वापरून २०१९ मध्ये सुमारे ६५० हिमनद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९७५-२००० मध्ये वर्षाला सरासरी ०.२२ मीटर पाण्याइतकी घट होती, तर २०००-२०१६ मध्ये ०.४३ मीटर, म्हणजे जवळपास दुप्पट. मोठ्या हिमनद्यांची जाडी शेकडो मीटर असते. त्यामुळे या वेगाने २०३५ पर्यंत त्या संपणे अशक्य आहे, आणि हा वेग काळजी करण्यासारखाच आहे. या दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या आहेत.

कारणे

हिमनद्यांची माघार एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून, म्हणजे ‘छोटे हिमयुग’ हा थंडीचा कालखंड सरल्यापासून चालू आहे. ‘हे नैसर्गिक आहे’ या युक्तिवादाचा आधार हाच. जगभरच्या हिमनद्यांचा २०१४ मधील एक अभ्यास सांगतो, की १८५१-२०१० या संपूर्ण काळातील घटीत मानवी कारणांचा वाटा सुमारे २५ टक्के होता, पण १९९१-२०१० या दोन दशकांत तो सुमारे ६९ टक्क्यांवर गेला. अनिश्चितता मोठी आहे, दिशा मात्र स्पष्ट आहे. हिमालयात यात चुली, वीटभट्ट्या आणि डिझेल यांच्या काजळीची भर पडते. ती बर्फावर बसून ऊन शोषते. उलट काराकोरममधील अनेक हिमनद्या २००० नंतरची काही वर्षे स्थिर राहिल्या किंवा थोड्या वाढल्या. हिवाळी पश्चिमी वाऱ्यांचे हिम तिथे निर्णायक असते. तिथली स्थिती मध्य किंवा पूर्व हिमालयाला लावता येत नाही.

परिणाम

‘गंगा आटेल’ ही भीती अतिरंजित आहे. २०१० च्या एका अभ्यासानुसार, मैदानात निर्माण होणाऱ्या नैसर्गिक प्रवाहाच्या तुलनेत डोंगरातील हिम-बर्फाचे वितळपाणी सिंधू खोऱ्यात सुमारे १५१ टक्के, ब्रह्मपुत्रेत २७ टक्के आणि गंगेत १० टक्के भरते. गंगेचे पोट मुख्यतः पावसावर चालते. सिंधू खोऱ्यातील शेतीला मात्र मोठा धोका आहे. वितळणे वाढते तेव्हा काही दशके पाणी आधी वाढते आणि नंतर घटते, त्यामुळे आजचा भरपूर प्रवाह फसवा ठरू शकतो.

आपत्तींच्या बाबतीत प्रत्येक घटना वेगळी तपासावी लागते. ७ फेब्रुवारी २०२१ च्या चमोली आपत्तीत ‘हिमनदी फुटली’ अशा बातम्या आल्या. प्रत्यक्षात रोंटी शिखराच्या उतारावरून सुमारे २.७ कोटी घनमीटर खडक व बर्फ कोसळला होता, त्यातही खडकच जास्त. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक सरोवर मात्र खरोखरच फुटले. हिमनदी मागे हटल्याने ते वाढत गेले होते. त्यात काठाचा हिमोढ (हिमनदीने आणून टाकलेला दगडमातीचा ढीग) कोसळला, लाट उसळली, आणि चुंगथांग येथील १,२०० मेगावॉटच्या तिस्ता-३ प्रकल्पाचे धरण वाहून गेले.