यॉर्कची तटबंदी

उत्तर इंग्लंडमध्ये ऊझ आणि फॉस या नद्यांच्या संगमावर वसलेल्या यॉर्क शहराचा मध्ययुगीन नगरकोट. लांबी सुमारे ३.४ किलोमीटर. इंग्लंडमध्ये एवढा लांब नगरकोट दुसऱ्या कोणत्याही शहरात उरलेला नाही. मातीच्या उंच बांधावर फिकट पांढऱ्या चुनखडी दगडाचा तट उभा आहे. त्याचा बराचसा भाग तेराव्या-चौदाव्या शतकातला आहे. तटाच्या फांजीवरून, म्हणजे माथ्यावरच्या वाटेवरून, चालायला पैसे पडत नाहीत. सकाळी तिची दारे उघडतात आणि दिवस मावळताना बंद होतात. न रेंगाळता चालले तर दोन तासांत फेरी पुरी होते; पण यॉर्कमध्ये न रेंगाळणे अवघड.

कोटाची मुळे रोमन काळात आहेत. इ. स. ७१ च्या सुमारास रोमनांच्या नवव्या लीजनने, म्हणजे सैन्यदलाने, इथे छावणी टाकली. तिचे नाव एबोराकम. इ. स. ३०६ मध्ये सम्राट कॉन्स्टँशियस इथेच वारला आणि सैन्याने त्याचा मुलगा कॉन्स्टंटाइन याला जागच्या जागी सम्राट म्हणून पुकारले. छावणीची भिंत मातीखाली गेली, तरी बूदम बार ते मंक बार या दोन वेशींमधला आजचा तट तिच्याच रेषेवरून वळतो. म्युझियम गार्डन्समधल्या बहुकोनी बुरुजावर दोन्ही काळ एकावर एक दिसतात: खाली रोमनांचे लहान दगड आणि मधला लाल विटांचा पट्टा, वर मध्ययुगातले मोठे चिरे.

इ. स. ८६६ मध्ये डेन लोकांनी, म्हणजे व्हायकिंगांनी, शहर घेतले आणि त्याचे यॉर्विक केले. त्यांच्या भाषेत रस्त्याला ‘गाटा’ म्हणत. त्यामुळे आजही नवख्याची फसगत ठरलेली: यॉर्कमध्ये ‘गेट’ म्हणजे रस्ता, आणि वेशीला म्हणतात ‘बार’. मिकलगेट बार म्हणजे मोठ्या रस्त्याची वेस. कॉपरगेटचाही तांब्याशी संबंध नाही. लाकडी पेले कातणाऱ्यांची ती आळी. याच आळीत १९७६ पासून झालेल्या उत्खननात व्हायकिंग काळातली घरे आणि कामाच्या जागा सापडल्या. तिथले यॉर्विक संग्रहालय १९८४ मध्ये उघडले.

मोठ्या वेशी चार. राजाची स्वारी दक्षिणेकडून, मिकलगेट बारमधून येई, आणि राजद्रोह्यांची मुंडकीही त्याच वेशीवर टांगत. इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या आणि १४६० मध्ये वेकफील्डच्या लढाईत पडलेल्या यॉर्कच्या ड्यूक रिचर्डचे शिर तिथे लागले, ते कागदी मुकुट घालून. ज्या शहराचे नाव मिरवायचे त्याच शहराच्या वेशीवर ही विटंबना. वॉमगेट बारची गोष्ट वेगळी: वेशीपुढचा भिंतींचा बंदिस्त बोळ, म्हणजे बार्बिकन, इंग्लंडच्या नगरवेशींपैकी फक्त हिच्यापुढे शिल्लक आहे. मंक बार सर्वांत उंच. बूदम बार रोमन छावणीच्या एका दरवाज्याच्या जागेवर आहे.

पूर्वेला तट एकाएकी तुटतो. तो कोणी पाडला नाही, तिथे कधी बांधलाच नव्हता. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यम राजाने किल्ल्यासाठी फॉस नदी अडवली तेव्हा त्या बाजूला तळे आणि दलदल पसरली. पाणी असताना भिंतीवर खर्च कशाला? आता तळे बुजले आहे आणि तेवढे अंतर रहदारीच्या रस्त्याने कापावे लागते. तट पुन्हा सुरू होतो तिथला रेड टॉवर विटांचा आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हे काम विटा रचणाऱ्यांना दिल्यामुळे शहरातले पाथरवट चांगलेच बिथरले होते.

कोट उरला तो भांडणामुळे. १८०० मध्ये नगरपालिकेने तो पाडायची परवानगी मागितली. तोफांच्या काळात भिंतीचा उपयोग संपला होता, डागडुजी खर्चाची होती आणि वेशी गाड्यांना अरुंद पडत. त्यांचे म्हणणे अगदीच बिनबुडाचे नव्हते. पण विरोध झाला आणि पुढे यॉर्कमध्येच जन्मलेला चित्रकार विल्यम एटी हाही त्यात उतरला. तरी तीन वेशींपुढचे बार्बिकन गेलेच, आणि काही वर्षांनी रेल्वेला आत येण्यासाठी तटात कमानी पाडल्या गेल्या.

वेळ थोडा असेल तर बूदम बार ते मंक बार एवढाच तुकडा चालावा. या वाटेवर यॉर्क मिन्स्टर डोळ्यांसमोरून हलत नाही. १२२० च्या सुमारास सुरू झालेले या कॅथीड्रलचे काम १४७२ पर्यंत चालले. पूर्वेची भव्य खिडकी जॉन थॉर्नटन या काचकारागिराच्या हाताखाली १४०५ ते १४०८ मध्ये, अवघ्या तीन वर्षांत झाली. तिच्यात बायबलमधली जगाची उत्पत्ती आणि अंत दाखवले आहेत. राजा आणि पार्लमेंट यांच्यातल्या यादवीत, १६४४ च्या वेढ्यानंतर पार्लमेंटचे सैन्य शहरात आले, तेव्हा सेनापती फेअरफॅक्स यॉर्कशरचाच असल्याने काचा वाचल्या. १९८४ च्या जुलैमध्ये दक्षिणेकडच्या भागाचे छप्पर मात्र आगीत गेले.

कोटाच्या आतला शॅम्बल्स हा खाटकांचा जुना बोळ. वरचे मजले इतके पुढे झुकलेले की आकाशाची चिंधीच दिसते. मांस टांगायचे आकडे काही दुकानांवर अजून आहेत, विक्री मात्र आठवणवस्तू आणि मिठाईची. गर्दी फार, सकाळी लवकर जावे.

क्लिफर्ड्स टॉवर हा किल्ल्याचा मनोरा; त्याच्या टेकाडावर १६ मार्च ११९० च्या रात्री लाकडी मनोरा होता. जमावाच्या भीतीने तिथे आसऱ्याला गेलेले सुमारे दीडशे यहुदी मेले. बहुतेकांनी स्वतःच मरण पत्करले आणि मनोऱ्याला आग लागली. आजचा दगडी मनोरा त्यानंतरच्या शतकातला.

वसंतात तटाखालचा बांध डॅफोडिलच्या फुलांनी पिवळा होतो. फांजीला बाहेरून चऱ्या आहेत, पण आतल्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा नाही. लहान मुलांचा हात धरावा. बर्फ पडले की वाट बंद ठेवतात.